हाताने बांधलेल्या मोटारीची समोरची काच : रबरी पट्टीत काच बसविण्याचा एक पाठ

मोटार म्हटली की इंजिन, गिअर आणि ब्रेक यांचा विचार प्रथम होतो. समोरच्या काचेकडे लक्ष जाते ते ती तडकल्यावर. काचेभोवतीच्या रबरी पट्टीकडे लक्ष जाते ते पावसाचे पाणी चालकाच्या गुडघ्यावर टपकू लागल्यावर. वस्तुतः चालकाची दृष्टी, प्रवाशांची सुरक्षितता आणि गाडीच्या पत्र्याचे आयुष्य या तिन्ही गोष्टी या दोन भागांवर अवलंबून असतात. काच महाग असते, रबर स्वस्त असते. पण महाग काच सुरक्षित ठेवण्याचे काम स्वस्त रबरच करीत असते. म्हणून हे काम नीट कसे करावे, आणि करून घेताना काय पाहावे, याची माहिती कारागिराप्रमाणेच शिक्षकाला व देयकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही असणे आवश्यक आहे.

या पाठासाठी 'किट-कार'चे उदाहरण घेतले आहे. कारखान्यात बनलेल्या मोटारीत काचेसाठी ठेवलेली चौकट साच्यातून निघालेली असते. तिच्या मापात फरक पडत नाही. किट-कारमध्ये मात्र प्रत्येक माप बांधणाऱ्याला स्वतः घ्यावे लागते. त्यामुळे काच बसविण्यामागचे सर्व तत्त्व या एका कामात उघडे होऊन दिसते.

किट-कार म्हणजे काय?

सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरी किंवा लहान कार्यशाळेत बांधलेली मोटार म्हणजे किट-कार. ही प्रथा मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिका या देशांत रुजली. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली 'लोटस सेव्हन' ही अशा मोटारींपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्या काळी तेथे तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. १९७३ मध्ये तेथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तरीही स्वतःच्या हाताने मोटार बांधण्याची हौस टिकून राहिली. अमेरिकेत १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रसामग्रीवर फायबरग्लासची हलकी काया चढवून 'मायर्स मँक्स' ही गाडी बनली आणि त्या धर्तीवर पुढे अनेक गाड्या निघाल्या.

घरी बांधलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येते, असा समज मात्र होऊ नये. ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि तीत काचेवरील मान्यताचिन्हही पाहिले जाते. भारतात व्यक्तीने संचातून मोटार बांधण्याची प्रथा नाही. येथे नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना प्रथम मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक संस्था होय.

काच : दोन थर आणि मधला पडदा

समोरच्या काचेसाठी साधी काच कधीही चालत नाही. तिचे तुकडे सुरीसारखे धारदार असतात. सुरक्षित काचेचे प्रमुख प्रकार दोन. 'टफन्ड' काच तापवून एकदम थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि अंतर्भाग ताणाखाली राहतो. ती साध्या काचेपेक्षा बळकट असते, परंतु फुटली की क्षणार्धात तिचे सर्वत्र बारीक खडे होतात. बाजूच्या खिडकीला हे चालते. समोरच्या काचेला चालत नाही, कारण धावत्या गाडीत चालकाला एकाएकी पुढचे काहीच दिसेनासे होते.

'लॅमिनेटेड' काचेत दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. मोटारींच्या काचांत हा पडदा बहुधा ०.७६ मिलिमीटर जाडीचा असतो. दगड लागला तर काच तडकते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात. या काचेचे मूळ एका अपघातात आहे. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये एक काचेचे भांडे खाली पडले. ते तडकले, पण विखुरले नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. या निरीक्षणावरून त्यांनी १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० मध्ये याबाबत स्पष्ट तरतूद आहे. हे नियम लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी आणि त्यापुढे तयार झालेल्या मोटार वाहनांची समोरची काच लॅमिनेटेड असली पाहिजे. दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर यांस यातून वगळले आहे. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असेही हा नियम सांगतो. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली.

रबरी पट्टीची रचना

गॅरेजमध्ये जिला 'बीडिंग' म्हणतात ती रबरी पट्टी आडवी कापून पाहिली तर तिच्या दोन बाजूंना दोन खाचा दिसतात. एका खाचेत काचेची कड बसते. दुसऱ्या खाचेत गाडीच्या चौकटीचा काठ बसतो. दोन खाचांच्या मध्ये रबराची भिंत असते. ही भिंत या रचनेचा प्राण आहे. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा चौकट किंचित पिळवटते. काच पिळवटू शकत नाही. तो सर्व फरक ही रबराची भिंत स्वतः दबून सोसते. काच आणि चौकट यांचा एका ठिकाणीही थेट स्पर्श झाला, तर धक्का सरळ काचेला पोहोचतो आणि आज ना उद्या ती तडकते.

पट्ट्यांचे दोन प्रकार प्रचारात आहेत. पहिली अखंड पट्टी असून ती दोरीच्या साहाय्याने चढविली जाते. दुसऱ्या पट्टीत बाहेरच्या अंगास एक तिसरी, लहान खाच असते. काच बसल्यावर या खाचेत रबराची किंवा प्लॅस्टिकची बारीक पट्टी ठासून भरतात. तिच्यामुळे दोन्ही ओठ घट्ट आवळले जातात. हिला कुलूपपट्टी म्हणता येईल.

रबर कोणते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. नैसर्गिक रबर ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे कडक होऊन त्यावर बारीक भेगा पडतात. 'ईपीडीएम' हे कृत्रिम रबर उन्हापावसात जास्त टिकते. परंतु खनिज तेल त्यालाही मानवत नाही. म्हणून पट्टी मऊ करण्यासाठी ग्रीस किंवा इंजिनचे तेल लावण्याची सवय चुकीची आहे. रबर फुगते व सैल पडते.

माप घेणे

किट-कारची काया बहुधा फायबरग्लासची असते. ती एका साच्यावर थर देऊन हाताने तयार होते. साच्याकडील बाजू गुळगुळीत निघते. दुसरी बाजू खडबडीत आणि कमीअधिक जाडीची राहते. परिणामी चौकटीचा काठ कोठे ३ मिलिमीटर तर कोठे ५ मिलिमीटर भरतो. पट्टीची खाच एकाच जाडीसाठी बनविलेली असते. काठ जाड असेल तेथे पट्टी चढत नाही. पातळ असेल तेथे पाणी शिरते. म्हणून कानस आणि पॉलिशपेपर यांनी काठ सर्वत्र सारख्या जाडीचा करणे, हे पहिले काम. कोपरे गोलाईत असावेत. कोन तीक्ष्ण राहिला तर रबराला वळकटी पडते आणि गळती तेथूनच सुरू होते.

दुसरी दक्षता अशी की, काया चासीवर सर्व बोल्टांनी पक्की आवळल्यानंतरच माप घ्यावे. सुटी काया जमिनीवर ठेवून घेतलेले माप बोल्ट आवळल्यावर बदलते. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. सममित चौकटीचे कर्ण सारखे न भरल्यास चौकट तिरकी आहे असे समजून आधी ती सरळ करावी.

यानंतर हार्डबोर्डचा किंवा प्लायवुडचा फर्मा कापावा. हिशेब सोपा आहे. समजा, सपाट चौकट १,२०० मिलिमीटर रुंद व ४०० मिलिमीटर उंच आहे आणि पट्टीच्या मधल्या भिंतीची जाडी ५ मिलिमीटर आहे. भिंत दोन्ही बाजूंना येते. म्हणून काच रुंदीत १० आणि उंचीतही १० मिलिमीटरने लहान, म्हणजे १,१९० बाय ३९० मिलिमीटरपर्यंतच असू शकते. पट्टी बनविणाऱ्याच्या तक्त्यात याहून अधिक सूट सांगितली असेल तर ती पाळावी. फर्म्याभोवती पट्टीचे चार तुकडे लावून तो चौकटीत बसवून पाहावा. चोहोबाजूंनी अंतर सारखे आले, तरच फर्मा काच कापणाऱ्याकडे द्यावा.

येथे काचेच्या प्रकाराची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. सपाट लॅमिनेटेड काच फर्म्यानुसार कापता येते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापताच येत नाही. कापू गेल्यास तिचे खडे होतात. वक्र लॅमिनेटेड काचेसाठी स्वतंत्र साचा लागतो व तो एका गाडीसाठी परवडत नाही. म्हणूनच किट-कारचे अनेक रचनाकार बाजारात सहज मिळणाऱ्या एखाद्या मोटारीची काच आधी निवडतात आणि तिच्या मापाने काया घडवितात.

दोरीने काच बसविण्याची कृती

या कामास दोन माणसे लागतात : एक गाडीच्या बाहेर, एक आत. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. काम सावलीत करावे. पट्टी मात्र थोडा वेळ उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवल्यास मऊ होते.

(१) पट्टी काचेभोवती चढवून घ्यावी. सुटी पट्टी कापायची असल्यास ती मापापेक्षा किंचित लांब कापावी, म्हणजे सांधा ताणाखाली न राहता दाबाखाली राहतो. ताणून बसविलेली पट्टी काही दिवसांनी आखडते आणि सांधा उघडतो. सांधा कोपऱ्यात कधीही ठेवू नये. सरळ कडेच्या मध्यावर ठेवावा.

(२) बाहेरच्या, म्हणजे चौकटीसाठी असलेल्या खाचेत ४ ते ५ मिलिमीटर जाडीची मजबूत, गुळगुळीत दोरी चोहोकडे भरावी. दोरीची दोन टोके खालच्या कडेच्या मध्यावर एकमेकांवरून सुमारे २० सेंटिमीटर ओलांडून न्यावीत आणि पुढे धरण्यासाठी मोकळी सोडावीत.

(३) खाच आणि चौकटीचा काठ यांस साबणाचे पाणी लावावे. काच बाहेरून चौकटीवर टेकवून मध्यभागी आणावी. दोरीची टोके गाडीच्या आत घ्यावीत.

(४) आतील माणसाने एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने सावकाश ओढावे. दोरी बाहेर येताना रबराचा आतील ओठ उचलते आणि तो काठावरून आत पडतो. त्याच वेळी बाहेरील माणसाने त्याच जागी तळहाताने सारखा दाब द्यावा. दोघांचे हात बरोबर चालले पाहिजेत.

(५) प्रथम खालची कड, मग दोन्ही बाजू थोड्याथोड्या आळीपाळीने, आणि शेवटी वरची कड, असा क्रम ठेवावा. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळल्यास काच तिरकी बसते.

(६) वरची कड आत जाईना, तर तेथेच थांबावे. मुठीने ठोकणे किंवा स्क्रूड्रायव्हरने ओठ उचकटणे या दोन चुकांमुळे चांगल्या काचा फुटतात. काच मध्यभागी आहे का, साबणाचे पाणी सुकले आहे का, काठ जाड राहिला आहे का, हे पाहावे. दोष मापात असेल तर तो बळाने दूर होत नाही. ओठ सारखा करावयाचा असेल तर बोथट लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी.

कुलूपपट्टीच्या प्रकारात क्रम उलटा असतो. तेथे रबर प्रथम चौकटीवर चढवितात, मग बोथट हत्याराने ओठ उलगडत काच आत घेतात आणि शेवटी कुलूपपट्टी भरतात. कुलूपपट्टीचा सांधा मुख्य पट्टीच्या सांध्यावर येऊ देऊ नये.

पाण्याची परीक्षा

काच बसली म्हणजे काम संपले असे नाही. नळीने पाणी सोडून परीक्षा घ्यावी. प्रथम धार मंद ठेवून खालच्या कडेवर सोडावी, नंतर बाजूंवर आणि अखेरीस वरच्या कडेवर. आत बसलेल्या माणसाने कडेने कोरडा कागद धरावा. आरंभीच वरून पाणी सोडले तर ते ओघळून सर्वत्र पसरते आणि गळती नेमकी कोठे आहे ते कळत नाही. गळतीचे पाणी पुष्कळदा शिरते एका जागी आणि दिसते दुसऱ्याच जागी, हे ध्यानात असावे.

बारीक गळती आढळल्यास बाहेरच्या ओठाखाली न वाळणारे, मऊ राहणारे सीलिंग मिश्रण भरावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकोन पत्र्याच्या गाडीला लावू नये. ते घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सुटते आणि लोखंडाला गंज चढतो. मोठी गळती मात्र मिश्रणाने झाकण्याची गोष्ट नव्हे. तेथे काच उतरवून माप पुन्हा तपासणे हाच उपाय होय.

काच का तडकते?

काच तडकली की 'दगड लागला असेल' असे उत्तर सहज मिळते. ते नेहमीच खरे नसते. दगडाने तडकलेल्या काचेवर आघाताच्या जागी लहानसा खड्डा असतो आणि तडे तेथून निघतात. काचेच्या कडेपासून निघालेला, खड्डा नसलेला एकच लांब तडा दिसला, तर काच बसविताना कडेवर ताण राहिला किंवा चौकटीचा काठ काचेला टेकला, अशी शंका घ्यावी. जुन्या गाडीत याचे सर्वसाधारण कारण म्हणजे गंज. पट्टीखाली पाणी साचते, काठाला गंजाचे पापुद्रे सुटतात, काठ फुगतो आणि काचेला आतून रेटतो. अशा चौकटीत गंज न काढता नवी काच बसविली, तर तीही टिकत नाही. काचेचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो, आणि त्याला कारण रबराखालचा गंज असतो.

आपल्याकडील उपयोग

किट-कार आपल्या रस्त्यांवर नसली तरी हाताने बांधलेले वाहन आपल्याला अपरिचित नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांतून हजारो बसगाड्यांचे सांगाडे विकत घेतलेल्या चासीवर बांधले गेले. चासी तयार आणि काया कार्यशाळेत बांधलेली, ही रीत किट-कारच्याच जातीची आहे. माप, फर्मा, रबर आणि धीर यांची तेथील कारागिरालाही तितकीच गरज असते.

आधुनिक मोटारींत एक मोठा बदल झाला आहे, त्याची नोंद येथे केली पाहिजे. त्यांची समोरची काच रबरात अडकविलेली नसून पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने चौकटीला जोडलेली असते. ती गाडीच्या छपराला बळकटी देते आणि पुष्कळ गाड्यांत प्रवाशापुढील एअरबॅगला आधारही देते. अशा गाडीत चिकटद्रव्याऐवजी रबरी पट्टी बसविणे धोक्याचे आहे. ते पुरेसे घट्ट होईपर्यंत गाडी चालवू नये. रबरी पट्टीची पद्धत बस, ट्रक, ट्रॅक्टरचे केबिन आणि जुन्या जीप यांत मात्र अद्याप आढळते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना हा पाठ अल्प खर्चात शिकविता येईल. भंगारातील गाडीची काचेची चौकट कापून लाकडी घोडीवर उभी करावी. प्रथम प्लायवुडचा फर्मा काच म्हणून वापरावा. विद्यार्थ्यांच्या जोड्यांनी तो पट्टीसह चढवावा, उतरवावा, पुन्हा चढवावा. हात बसल्यावर जुनी काच द्यावी. अखेरीस पाण्याची परीक्षा घ्यावी. मापातील दोन मिलिमीटरची चूक काय करते, हे विद्यार्थ्याला फळ्यावरील आकृतीपेक्षा ओल्या कागदावरून अधिक चांगले समजते.

ग्रामपंचायतीची घंटागाडी असो, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो किंवा शाळेची बस असो, 'समोरची काच बदलली' एवढ्या एका ओळीच्या देयकावर समाधान मानू नये. सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. काच लॅमिनेटेड आहे काय, आणि तिच्या कोपऱ्यात आयएस २५५३ या भारतीय मानकाची खूण आहे काय? काच रबरात बसणारी असल्यास रबर नवे घातले की जुनेच पुन्हा चढविले? काठावरचा गंज काढून रंग दिला काय? पाण्याची परीक्षा आपल्या माणसासमोर झाली काय? हे विचारण्यास पाच मिनिटे पुरतात.

रात्रीच्या वेळी, मुसळधार पावसात, एखाद्या प्रसूतीच्या रुग्णास घेऊन रुग्णवाहिका घाटातून उतरत असते. त्या वेळी चालकाला पुढचे वळण स्पष्ट दिसले पाहिजे आणि त्याच्या अंगावर पाणी गळता कामा नये. यासाठी लागणारी सामग्री फार मोठी नाही. योग्य काच, नवे रबर, पुरेशी लांब दोरी, साबणाचे पाणी आणि घाई न करणारी दोन माणसे एवढी तयारी असली की हे काम तालुक्याच्या गॅरेजमध्येही उत्तम होऊ शकते.